तीनशे शब्दांपलीकडचे काम

पुण्यातील मोटार अपघातानंतर मे २०२४ मध्ये महाराष्ट्रभर गाजला तो बाल न्याय मंडळाने गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध. तो मुलगा पुढे निरीक्षणगृहात गेला, जूनमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सुटला. तिथे त्याच्यासारख्यांना सांभाळतो कोण, हे विचारायला मात्र कुणाला सवड नव्हती.

तो सांभाळ परिविक्षा अधिकारी, अधीक्षक आणि काळजीवाहकांच्या अंगावर असतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मूल पहिल्यांदा मंडळापुढे आल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा. म्हणजे घर गाठायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, शाळा कधी सुटली आणि का, हे खणून काढायचे. जामीन, समुपदेशन, पुनर्वसन यांची दिशा बऱ्याचदा याच कागदांवर ठरते. अहवाल घाईत उरकला, तर फटका मुलाला.

या कर्मचाऱ्यांवर कायद्याची बंधनेही आहेत. मुलांना बेडी घालता येत नाही. संस्थेतील कर्मचाऱ्याने क्रौर्य केल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. ही कडक तरतूद हवीच. पण हाणामाऱ्या किंवा पलायन झाले की तेवढ्यापुरती चौकशी समिती नेमणारे सरकार रिकामी पदे, प्रशिक्षण आणि रात्रपाळीचे मनुष्यबळ यांचा हिशेब एरवी का मांडत नाही? महिला व बालविकास विभागाने तो जिल्हावार जाहीर करावा, आणि तोही येत्या अर्थसंकल्पाआधी.