मागच्या हल्ल्याची तयारी

मार्च 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरले होते. त्यानंतर नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांची ‘ऑपरेशन स्वान’ ही संयुक्त गस्त महाराष्ट्र-गुजरातच्या समुद्रात सुरू झाली. तरीही 26 नोव्हेंबर 2008 रोजी दहा अतिरेकी पोरबंदरची ‘कुबेर’ बळकावून मुंबईपर्यंत आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. गस्तीचे डोळे तस्करीच्या मालावर होते. आपल्याच नोंदणीची मासेमारी बोट कोण अडवणार?

बैल गेला नि झोपा केला, असे आपण म्हणतो. झोपा करण्यात गैर काही नाही. तो फक्त बैल गेला त्याच वाटेवर केला जातो, ही अडचण आहे.

26/11 नंतरच्या धोरणाला वेग होता, हे मान्यच करायला हवे. एनआयएचा कायदा संसदेने महिन्याभरात मंजूर केला. फेब्रुवारी 2009 मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली. ‘सागर प्रहरी बल’ उभे राहिले, किनाऱ्यावर रडारची साखळी आली. 20 मीटरपेक्षा लांब बोटींना जागा कळवणारे एआयएस यंत्र सक्तीचे झाले. आपल्या बंदरांतल्या बहुसंख्य बोटी त्याहून लहान, म्हणजे त्या पडद्यावर दिसणारच नाहीत. एक लाख बोटींना ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ पालघरला झाला तो ऑगस्ट 2024 मध्ये. मधली पंधरा वर्षे लहान बोट अदृश्यच होती. जुलै 2011 मध्ये तर ‘पवित’ हे बेवारस जहाज कुणाच्याही नकळत वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला एके-47 असलेली नौका किनाऱ्याला लागली. घातपाताचा संबंध निघाला नाही. पण ती येईपर्यंत कळले नाही, ते नाहीच.

उरी, पुलवामा, पहलगाम यांनंतर प्रत्युत्तराची पातळी चढत गेली. त्यावर लिहायला वर्तमानपत्रे आहेत. आपल्या वाचकांचे, म्हणजे सागरी पोलिसांचे, काम पहिल्या बारा सागरी मैलांतले, आणि ते नीट झाले तर बातमी होत नाही. म्हणूनच त्याला पैसा हल्ल्यानंतर मिळतो आणि दोन-तीन अर्थसंकल्पांत आटतो. गस्तनौका खरेदी होते. तिचे डिझेल, इंजिनदुरुस्ती आणि सराईत तांडेल यांची तरतूद मागे राहते. शहरातल्या ठाण्यातून बदली होऊन आलेल्या शिपायाला बोट लागते, आणि समुद्राची सवय होते न होते तोच त्याची पुन्हा बदली होते. सागरी पोलिसांचे वेगळे केडर हवे, किनारी गावांतल्या मुलांची त्यात भरती हवी, हे आमचे स्पष्ट मत आहे.

2008 च्या त्या रात्री आलेल्यांना उतरताना पाहून हटकले ते वस्तीतल्या कोळ्यांनी. पुढच्या वेळी वाट कदाचित समुद्राची नसेल, ड्रोनची असेल; अनोळखी गोष्ट आधी दिसेल ती त्यांनाच. पण मच्छीमार सोसायट्यांची आठवण अधिकाऱ्यांना ‘सागर कवच’ सरावाच्या आदल्या दिवशी होते.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर आणि माणसे गावात असतात. प्रत्येक सागरी ठाण्याच्या प्रभारींनी या दोन महिन्यांत हद्दीतल्या प्रत्येक सोसायटीत एकदा तरी बसावे, खलाशांची ओळखपत्रे तपासावीत आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर तिथे देऊन यावा.