लेकीनं नेलं, त्यात काय बिघडलं?

आपल्याकडे म्हातारी माणसं घराबाहेर पडतात ती दोनच कारणांनी. एक दवाखाना आणि दुसरं देवदर्शन. तिसरं कारण सांगितलं की घरातले एकमेकांकडे बघायला लागतात. २०२४ च्या डिसेंबरात मी माझ्या आई-अण्णांना अंदमानला घेऊन गेले, तेव्हा धाराशिवपासून उमरग्यापर्यंत आमच्या नात्यागोत्यात जी कुजबुज झाली, तिच्याविषयी आज थोडं स्पष्ट बोलायचं आहे.

अण्णा ७६ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. आई ७१ ची. तिचा आजवरचा प्रवास म्हणजे तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट आणि एकदा लेकीच्या बाळंतपणाला सोलापूरचं हॉस्पिटल. समुद्र तिनं फक्त टीव्हीवर पाहिलेला. मी पाच वर्षं पोस्टात आरडी भरत होते, महिन्याला दोन हजार. शिलाईचे, फॉल-पिकोचे, दिवाळीत केलेल्या चिवड्या-चकलीचे पैसे. २०२४ मध्ये ती पुरी झाली तेव्हा ह्यांना म्हटलं, आई-अण्णांचा आणि माझा खर्च ह्यातून. तुमचा आणि लेकीचा तुम्ही बघा. हे लगेच हो म्हणाले. खरी लढाई पुढेच होती.

आईनं फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तिथं देव कोणता हाय गं?"

म्हटलं, देव नाही, समुद्र आहे.

"मग कशाला एवढा पैसा घालायलीस? आन् लेकीच्या पैशानं फिरायचं? लोकं थुंकतील तोंडावर."

मैत्रिणींनो, हे 'लेकीच्या पैशानं' फार खोल गेलेलं आहे. आमच्या आजीनं आत्याच्या घरी तिला मुलगा होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. उन्हाळ्यात तीन कोस चालत जायची आणि घोटभर पाण्यासाठी शेजारणीच्या ओट्यावर बसायची. आता तसं कोणी करत नाही. लेकीच्या घरी चहा होतो, जेवण होतं, शुगर तपासायला आल्यावर चार दिवसांचा मुक्कामही होतो. पण लेकीनं खर्च करून आपल्याला मजेसाठी कुठं नेणं, हे अजून घशाखाली उतरत नाही. आजारपणाला चालते, मजेला नाही.

कायदा मात्र कधीच पुढे गेला. २००७ च्या आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा आणि मुलगी दोघेही. आई-बापांना सांभाळायची जबाबदारी लेकीवरही आहे. २००५ साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क मिळाला. आपल्या भागात त्या हक्काचं काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. तहसीलला नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, एक साडी देतात. मीही सही केली आहे, आणि त्याबद्दल आज तक्रार करायची नाही. पण सही करताना जी लेक घरची असते, ती खर्च करताना परकी कशी होते, एवढंच मला कोणीतरी समजावून सांगावं.

अण्णांना पटवणं सोपं गेलं. 'काळं पाणी' म्हटलं आणि ते खुर्चीत ताठ बसले. चाळीस वर्षं वर्गात सावरकर बंधू शिकवलेला माणूस. त्यांनी आईला सांगितलं, "तेही तीर्थच आहे." झालं, आईचं देवाचं कोडं सुटलं. मला मात्र मनातून जरा वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला कुठंही जायचं तर त्याला तीर्थ म्हणावंच लागतं. सरकारनं २०२४ साली ज्येष्ठांसाठी प्रवासाची योजना काढली, ती मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना. चांगलीच गोष्ट आहे. पण साठी ओलांडलेल्या बाईला नुसतं वाळूत बसावंसं वाटू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

खरा राग आला माझ्या भावाला. तो वाईट माणूस नाही. आई-अण्णा त्याच्याकडेच असतात, तो शेती बघतो, औषधपाणी बघतो. पण तो म्हणाला, "ताई, तू नेलंस तर लोक मला विचारणार, पोरगं काय करायलंय म्हणून." मला तेव्हा उलगडा झाला. अडचण पैशाची नव्हतीच. लेकीनं काही केलं की लेकाचं नाक कापलं जातं, असं गाव समजतं. म्हणून लेकींनी चोरून करायचं. आईच्या हातात गुपचूप पाचशेची नोट ठेवायची, अण्णांचा चष्मा 'ह्यांनी घेतलाय' म्हणून सांगायचं. आपण सगळ्याजणी हे करतो. मी भावाला म्हटलं, तू वर्षभर करतोस ते आठ दिवसांत पुसून जात नाही, जीपमधून तूच स्टेशनला सोडायला ये. तो आला. तोंड फुगवून, पण आला.

सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला नाही बाई कोणी अंदमानला नेलं." २०१७ मध्ये आम्ही त्यांना आणि मामंजींना काशीला नेलं होतं. तेव्हा पैसे कोणाचे, हे कोणीच विचारलं नव्हतं. मी हे बोलले नाही. बोलायला हवं होतं की नको, अजून ठरत नाही. बार्शीहून जाऊबाई आठ दिवस त्यांच्यासोबत राहायला आल्या, म्हणून आमचं निघणं झालं.

सोलापूरहून रात्रीची रेल्वे धरून चेन्नई, तिथून विमानानं दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. गावाचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, पण रिक्षावाले अजून जुनंच नाव घेतात. आपलं तरी काय वेगळं आहे, आमच्या सासूबाईंच्या तोंडी अजून उस्मानाबादच आहे.

पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. घड्याळात पाच वाजले आणि अंधारून आलं. ती बेटं आपल्यापासून इतकी पूर्वेला आहेत, की सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो-मावळतो, घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. आईनं पिशवीतून निरांजन काढलं. "दिवेलागण झाली की गं. आन् इथं अजून चहाच यायलाय!" आठही दिवस तिनं दिवा सूर्याच्या वेळेला लावला, घड्याळाकडे पाहिलंच नाही.

सेल्युलर जेलमध्ये अण्णा गुरुजी झाले. १८९६ ते १९०६ बांधकाम, चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती, आता उभ्या आहेत त्या तीन. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. १९७९ साली तिला राष्ट्रीय स्मारक केलं. संगमरवरावर कैद्यांची नावं कोरली आहेत, त्यात बंगाल आणि पंजाबची किती तरी. अण्णा एकेक नाव वाचत उभे राहिले, गुडघा धरून. वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपर्यंत जायला आम्हाला अर्धा तास लागला. दर जिन्यावर बसत, पाणी पीत गेलो, पण गेलो.

आई तेलाच्या घाण्यापाशी थांबली होती. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायला लावायचे, हे लेकीनं तिला वाचून दाखवलं. आई काही बोलली नाही. पण अण्णांनी येसूवहिनींची गोष्ट सांगितली, की बाबाराव इथं होते आणि त्यांची भेट होण्याआधीच वहिनी तिकडं वारल्या, तेव्हा तिनं पदर डोळ्याला लावला. "तिला कोण आणणार होतं इथं," एवढंच म्हणाली. मी दोनदा पुस्तकात वाचलं होतं हे, पण त्या बाईच्या बाजूनं विचार केला नव्हता.

आम्ही फार ठिकाणं केली नाहीत. बाराटांगच्या गुहांना जायचं तर मध्यरात्रीनंतरच उठून निघावं लागतं, शिवाय तो रस्ता जारवा लोकांच्या जंगलातून जातो. गाडीच्या काचेतून माणसं बघत जाणं मला पटत नाही, म्हणून ते सोडलं. श्री विजयपुरम आणि एक हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, एवढंच. दुपारी दोन तास झोप. गोळ्यांचे दोन संच, एक माझ्या पर्समध्ये, एक आईच्या पिशवीत. एका हॉटेलात आम्हाला तिसऱ्या मजल्यावरची खोली दिली, लिफ्ट नाही. फोनवर तळमजला कबूल केला होता. भांडावं लागलं. तुम्ही जाल तर तळमजल्याचं लिहून घ्या, नुसत्या बोलण्यावर राहू नका.

स्वराज द्वीपाचा राधानगर किनारा म्हणजे पांढरी वाळू, पाठीमागे उंच झाडं. आई काठावर बराच वेळ नुसती उभी होती. मग नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि घोटाभर पाण्यात गेली. ओंजळ भरून तोंडात घातली आणि थू करून टाकली. "अगं बाई! एवढं पाणी आन् एक घागर कामाची नाही!" आम्ही हसलो. ती हसली नाही. जिनं साठ वर्षं पाण्यामागे घालवली, विहीर, मग हापसा, मग टँकरची रांग, तिला हे विनोद वाटणार नव्हतंच. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा ती म्हणायची, आता देवच आटला. थोड्या वेळानं मात्र लाट आली, ती मटकन खाली बसली, आणि कमरेपर्यंत भिजलेली माझी आई अण्णांना हाका मारायला लागली, "अहो, या की इकडं! गुर्जी!" पन्नास वर्षांच्या संसारात तिनं त्यांना चारचौघांत अशी हाक मारल्याचं मला आठवत नाही. अण्णा लाजले. पण गेले.

परतीच्या आदल्या दिवशी वंडूरकडे जाताना सिप्पीघाटजवळ गाडी थांबवली. रस्त्याच्या कडेला एक बंगाली बाई शहाळी विकत होती. मागे नुसतं पाणी आणि त्यात काही वाळके बुंधे. ती म्हणाली, इथं आमची भाताची शेतं होती. २६ डिसेंबर २००४, त्सुनामी. जमीनच खचली आणि समुद्र आत आला, तो राहिलाच. आईला हिंदी येत नाही, तिला मराठी. पण आईनं हातानं दाखवलं, भिंत कशी पडते ते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आमच्या घराची माळवदाची खोली बसली आणि आईची धाकटी जाऊ त्यात गेली. त्या बाईनं शहाळं फोडायचं थांबवलं. दोघी शेजारी शेजारी लाकडी फळीवर बसल्या, वीस मिनिटं तरी असतील. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. गाडीत आल्यावर आई म्हणाली, "आमचं घर खाली आलं, तिचं शेत खाली गेलं." किल्लारीच्या भूकंपाबद्दल ती आमच्याशी कधीच बोलत नाही. एकतीस वर्षांत मला कळलं नव्हतं, की जाऊबाईला ओढून काढताना आईच्या हातात तिच्या बांगड्यांच्या काचा शिरल्या होत्या. ते तिनं त्या परक्या बाईला सांगितलं, मराठीत.

घरी आल्यावर सगळ्यांना शंख-शिंपल्यांच्या गोष्टी सांगून झाल्या. मग वहिनी मला मागच्या दारी घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या सहलीची खरी मजा मीच केली. आठ दिवस पहाटे पाचला उठले नाही." मी एकदम गप्प झाले. आठ दिवस नेऊन आणलं म्हणून मी गुणाची लेक ठरले होते, आणि उरलेले ३५७ दिवस पथ्याचं शिजवणारी, अण्णांचं लंगोट-धोतर धुणारी ही. तिला कोणी शाबासकी दिली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही दिली नव्हती. लेकीनं आई-बापांना न्यावं, असं म्हणते तेव्हा मला आता हेही म्हणायचं असतं, की त्यामुळे सून चार दिवस मोकळी होते. आणि ती सूनही कोणाची तरी लेक असते.

आमच्या बचत गटात मी हे सगळं सांगितलं. एकजण म्हणाली, "ताई, तुमचं जमलं. मी माझ्या आईला सोलापूरसुद्धा दाखवलं नाही." ह्यावर काय बोलायचं? दीड लाखाच्या पुढे खर्च आला आमचा, तो प्रत्येकीला झेपणारा नाही. रेल्वेची ज्येष्ठांची सवलतही २०२० पासून बंद आहे. पण एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरी झालेल्यांना तिकीट नाही आणि २०२३ पासून आपल्याला अर्धं आहे. नळदुर्गचा किल्ला आहे, परांड्याचा आहे. आईला डबा करायला न लावता, घरूनच डबा नेऊन, दिवसभर बसवून आणायला काय लागतं?

वहिनीची आई तेरखेड्याला असते. तिनंही अजून समुद्र पाहिलेला नाही. वहिनीनं माझ्या सांगण्यावरून पोस्टात पाचशेची आरडी काढलीय, स्वतःच्या नावानं. तिला वेळ लागेल. तोवर श्रावणात नळदुर्गला नर-मादी धबधबा बघायला जायचं ठरलंय, वहिनी, तिची आई, माझी आई आणि मी. त्या दिवशी अण्णांचं जेवणखाण भाऊ बघणार आहे. खिचडी येते म्हणाला.