हाली रुपया: संग्राहकांनी गमावलेला इतिहास

१/ वर्धा नदीच्या एका काठाला बल्लारपूर, दुसऱ्या काठाकडे राजुरा. स्वातंत्र्यापूर्वी ही नदी ओलांडली की चलन बदलत असे. बल्लारपुरात इंग्रजांचा कलदार रुपया, राजुऱ्यात निजामाचा हाली रुपया.

२/ पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९१८ साली हैदराबाद संस्थानाने १० व १०० रुपयांच्या नोटा काढल्या. पुढे १ आणि ५ रुपयांच्याही आल्या. त्यांवर उर्दूसोबत मराठी, तेलुगू व कानडीलाही स्थान होते.

३/ हाली रुपया हलका होता. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहास सात. नदीपार बाजार करणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब करावाच लागे.

४/ आजचा संग्राहक या नोटेत काय पाहतो? घडी नसावी, कोपरे शाबूत असावेत, सही दुर्मिळ असावी. नोट कोणत्या गावातून, कोणाच्या पेटीतून आली, हे विक्रेता विचारत नाही आणि घेणाराही विचारत नाही. ही इतिहासाची आवड नव्हे, ही केवळ कागदाची हौस आहे.

५/ दुसरा पक्ष म्हणतो, हा निजामाचा पैसा, त्याचे कौतुक कशाला? काही नोटांवर तर गुलाम मुहम्मद यांची सही आहे, जे पुढे पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. सही त्यांची खरी, पण ती नोट घामाने मिळवली ती इथल्या रयतेने. निजामी राजवटीचा निषेध करताना त्या रयतेचा पुरावाही फेकून द्यायचा काय?

६/ १९४८ नंतर भारतीय रुपयाने हालीची जागा घेतली. राजुरा १९५६ साली आदिलाबादेतून नांदेडात व १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. जिल्हे बदलले, दप्तरे विखुरली. अशा तालुक्यात घराघरांतली मळकी नोट हेच एक दप्तर उरते.

७/ कोरी नोट म्हणजे न वापरलेली नोट. तिने ना बाजार पाहिला, ना सारा भरला. इतिहास घडीत, डागात आणि पाठीवरच्या शाईच्या आकड्यांत असतो. नोट धुऊन, इस्त्री करून विकणारा किंमत वाढवतो आणि साक्ष पुसतो.

८/ म्हणून नोट मिळाली तर आधी पाकिटावर गाव, घर आणि ती जपण्याचे कारण लिहावे. हाली रुपयाने व्यवहार केलेली माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. नोटा लिलावात पुन्हा येतील, ती माणसे येणार नाहीत.