निधीला इष्टांक आहे, नोकरीला का नाही?

नरखेड तालुक्यातील माजी सैनिकांचा जाहीर इशारा

प्रति : राज्य शासन, नागपूर जिल्हा प्रशासन, नरखेड तालुक्यातील सर्व शासकीय-निमशासकीय कार्यालये आणि या तालुक्यातून मते घेऊन गेलेले सर्व लोकप्रतिनिधी.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. त्यासाठी जिल्ह्याला निधी संकलनाचा इष्टांक दिला जातो, तो कार्यालयाकार्यालयांत वाटला जातो आणि इष्टांक ओलांडणाऱ्यांचा सत्कार होतो. हा पैसा शहिदांच्या कुटुंबांच्या, दिव्यांग जवानांच्या, सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाच्या कामी येतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. देणाऱ्या प्रत्येकाचे आम्ही ऋणी आहोत.

पण निधीचा इष्टांक तोंडपाठ असलेल्या कार्यालयाला आम्ही एकच गोष्ट विचारतो. तुमच्याकडे माजी सैनिकांच्या वाट्याच्या जागा किती, त्यातल्या भरल्या किती आणि उरलेल्या गेल्या कुठे? याचे उत्तर आम्हाला भाषणात नको. ते लेखी, आकड्यांत आणि मुदतीत हवे. मिळाले नाही तर पुढे काय होईल तेही खाली स्पष्ट लिहिले आहे.

आम्ही मागतो ती खैरात नाही. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड मधील सरळसेवा भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत गट क मध्ये १० आणि गट ड मध्ये २० टक्के आहे. सार्वजनिक उपक्रमांत आणि सरकारी बँकांत, दिव्यांग जवान व शहिदांच्या वारसांचा वाटा धरून, ते १४.५ आणि २४.५ टक्के आहे. हे सारे कागदावर पक्के आहे. प्रत्यक्षातला हिशेब संरक्षण मंत्रालयाच्याच पुनर्वसन महासंचालनालयाकडे आहे. जून २०२१ अखेर ज्या केंद्रीय खात्यांनी माहिती दिली, त्यांच्यात गट क मध्ये माजी सैनिक होते १.२९ टक्के आणि गट ड मध्ये २.६६ टक्के. सार्वजनिक उपक्रमांच्या गट ड मध्ये तर ०.३ टक्के, म्हणजे हजारांत तीन. निम्म्याहून अधिक खात्यांनी माहिती देण्याचेही कष्ट घेतले नव्हते. बँकांची स्थिती त्यातल्या त्यात बरी निघाली, म्हणजे मनात आणले तर जमते.

मग जागा जातात कुठे? आम्ही जाहिराती वाचतो, त्यामुळे वाटा ओळखीच्या झाल्या आहेत. एखादे कार्यालय तीन पदांची जाहिरात काढते. तिनाचे १५ टक्के म्हणजे अर्धे पदही नाही. आमचा वाटा तिथेच शून्य होतो. मोठी जाहिरात निघाली तर आमच्या जागा आधी सामाजिक प्रवर्गांत विभागल्या जातात. त्या प्रवर्गात माजी सैनिक मिळाला नाही, की ‘उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो आणि जागा दुसऱ्याकडे जाते. तो उमेदवार शोधायला कोण कुठे गेले होते, याची नोंद मात्र आमच्या पाहण्यात नाही. तिसरी वाट कंत्राटाची. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने नऊ कंपन्यांमार्फत बाह्यस्रोत भरतीचा शासन निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर पुढच्याच महिन्यात तो रद्द केला. तो कागद गेला, कंत्राटी कामाची सवय गेली नाही. कंत्राटदाराने आणलेल्या माणसांत आमचे १५ टक्के कोण मोजतो?

नोकरी नसेल तर धंदा करा, असा सल्ला मिळतो. नरखेडमध्ये धंदा म्हणजे संत्रा, आणि संत्र्याचे हाल इथल्या कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. आंबिया बहाराला फळगळ, झाडाला डिंक्या, आणि त्यातून वाचलेल्या मालाला बांगलादेशची वाट बंद. त्या देशाने २०१९ पासून आयात शुल्क चढवत चढवत २०२३ मध्ये किलोमागे ८८ टका केले. अशा बागेत बापच कसाबसा तग धरून आहे, तिथे पेन्शनीत आलेल्या मुलाचे आणखी एक घर कसे चालणार? फौजेतला जवान साठीत सुटत नाही, पस्तिशी-चाळिशीत सुटतो. मुलांचे शिक्षण, बहिणीचे लग्न, घराचे कर्ज, सगळे तेव्हाच ऐन भरात असते.

योजना आहेत, हे आम्हालाही ठाऊक आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील माजी सैनिकाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. संत्रा प्रतवारी, रस, शीतगृह, वाहतूक यांसाठी ही योजना इथे सोन्यासारखी ठरावी. पण अर्ज बँकेच्या टेबलावर अडला तर त्याची चौकशी कोणी करायची? २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना ६ ते १० हजार विद्यावेतन आहे, पण वयाची अट ३५. फौजेतून माणूस सुटतो तोच त्या वयाला. शिवाय मुदत संपली की प्रशिक्षणार्थी पुन्हा बेरोजगार, हे त्यांच्याच आंदोलनांनी सिद्ध केले आहे. विद्यावेतनाला रोजगार म्हणणे थांबवा. २००२ मध्ये स्थापन झालेल्या माजी सैनिक महामंडळामुळे अनेकांना सुरक्षारक्षकाचे काम मिळाले, त्याचे मोल आहेच. पण वीस वर्षे सिग्नल यंत्रणा, रणगाड्याचे इंजिन किंवा फील्ड हॉस्पिटल सांभाळलेल्या माणसासाठी सरकारला फाटकावरची खुर्चीच का सुचते?

ज्याच्यासाठी घाई आहे तो प्रश्न आता दारात आला आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. भूदलातील अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ सरता सरता पुरी होत आहेत. चौघांतला एक फौजेत राहील, तिघे घरी येतील. हातात सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी, त्यातली निम्मी मुद्दल त्यांच्याच पगारातून कापलेली. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे (ईसीएचएस) कार्ड नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे वर सांगितलेले १५ टक्केही नाहीत. आपल्याच विदर्भातला, बुलडाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना गेला. अग्निवीराच्या घरच्यांना विमा आणि सानुग्रह रक्कम मिळते, पण नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मिळत नाही. बर्फ दोघांना सारखाच असतो, नियम वेगळे आहेत.

हरियाणाने पोलीस शिपाई, वनरक्षक, कारागृह रक्षक अशा भरतीत अग्निवीरांना १० टक्के, तर उत्तर प्रदेशाने पोलीस भरतीत २० टक्के आरक्षणाचा निर्णय घेतला. महाराष्ट्राने काय द्यायचे ते अभिनंदनाच्या फलकावर छापू नये, शासन निर्णयात लिहावे. बावीस-तेवीस वर्षांचा, शस्त्र चालवायला शिकलेला आणि रिकामा बसवलेला तरुण गावाला परवडत नाही. ही धमकी समजू नका. त्याला रात्री पारावर बसलेला पाहणाऱ्या बापाची ही काळजी आहे.

आमच्या मागण्या पाच आहेत. यांतल्या एकीलाही नवा कायदा लागत नाही.

१. तालुक्यातील प्रत्येक कार्यालयाने गट क व ड ची मंजूर पदे, माजी सैनिकांच्या वाट्याची पदे, भरलेली पदे आणि इतरांकडे वळवलेली पदे यांचा तक्ता दर्शनी फलकावर लावावा. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ स्वतःहून माहिती उघड करायला सांगतेच.

२. ‘उमेदवार उपलब्ध नाही’ हा शेरा मारण्यापूर्वी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून नावे मागवल्याचे पत्र आणि आलेले उत्तर नस्तीला जोडलेले असावे. पत्र नसेल तर जागा वळवू नये.

३. नागपूर इथून रेल्वेने ऐंशी किलोमीटरहून दूर आहे. हयातीचा दाखला, निवृत्तिवेतनाच्या ‘स्पर्श’ प्रणालीतील दुरुस्त्या, वीरनारींचे दावे यांसाठी ऐंशी वर्षांच्या सुभेदाराला आणि एकट्या बाईला तिथे खेटे घालायला लावू नका. महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी नरखेड आणि जलालखेडा येथे शिबिर घ्या.

४. मोवाडने ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीचा महापूर पाहिला. दोनशेहून अधिक माणसे गेली. नदीकाठच्या या तालुक्यात आपत्ती व्यवस्थापनाचे मानधनी पथक माजी सैनिक आणि परतणाऱ्या अग्निवीरांतून उभारा. दोर, बोट, प्रथमोपचार, बिनतारी संदेश, सगळे शिकूनच आम्ही आलो आहोत.

५. रोजगार निर्मिती योजनांतील माजी सैनिकांचे अर्ज किती आले, बँकांनी किती मंजूर केले आणि नाकारले ते कोणत्या कारणाने, याचा आढावा तहसीलदारांनी दर तिमाहीला आमच्या समक्ष घ्यावा.

मुदत : पहिल्या मागणीचा तक्ता ३१ ऑक्टोबरपर्यंत लागला पाहिजे. उरलेल्या चार मागण्यांवर ७ डिसेंबरपूर्वी लेखी निर्णय हवा. ‘वरिष्ठांकडे पाठवले आहे’ हे उत्तर आम्ही निर्णय धरणार नाही.

मुदत पाळली नाही तर १ नोव्हेंबरपासून प्रत्येक कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील, त्यावरची अपिले पडतील, आणि मिळालेले प्रत्येक उत्तर गावच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचले जाईल. ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या मंचावर नरखेडचा एकही माजी सैनिक सत्काराला उभा राहणार नाही. निधीत आमचे पैसे आम्ही टाकू, छायाचित्रात आमचे चेहरे देणार नाही. त्या दिवशी तहसील कार्यालयासमोर धरणे असेल. त्यानंतर हिवाळी अधिवेशन भरेल तेव्हा नरखेड स्थानकावरून गाडीत बसू आणि यशवंत स्टेडियमवरून विधानभवनाच्या दिशेने निघू. मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर पोलीस अडवतील तिथे रस्त्याच्या कडेला रांगेत बसू. निवेदन स्वीकारायला मंत्री आले नाहीत तर उठणार नाही.

पोलिसांनी निश्चिंत असावे. अंगावर गणवेश नसेल, सेवेतल्या एकाही जवानाला यात ओढले जाणार नाही, एकाही दुकानाची काच फुटणार नाही, रुग्णवाहिका अडणार नाही. २०१५ मध्ये वन रँक वन पेन्शनसाठी लढताना काही साथींनी पदके परत करण्याचा मार्ग धरला होता. त्यांचा आम्हाला आदर आहे, पण आम्ही पदके परत करणार नाही. ती छातीवर लावूनच बसू. कोणत्याही पक्षाचा झेंडा आणि कोणत्याही पुढाऱ्याचे भाषण तिथे चालणार नाही. ज्याला यायचे त्याने हिशेब घेऊन यावे.

शेवटचे बजावणे आपल्याच माणसांना. ज्याने जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलेले नाही किंवा नोंदणीचे नूतनीकरण केलेले नाही, त्याने ते याच महिन्यात करावे. आपले नाव यादीत नसेल तर ‘उपलब्ध नाही’ हा शेरा आपणच लिहून दिल्यासारखे होईल. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा आपलाच जुना पलटणवाला असला, तरी त्याचे नाव पोलिसांत द्या. आणि डिस्चार्ज बुक, पदवी समतुल्य प्रमाणपत्र आणि जातीचा दाखला एका पिशवीत तयार ठेवा.

फौजेत हुकमाला तारीख आणि वेळ असते, आणि तो पाळला नाही तर जाब असतो. हाच नियम आता आम्ही शासनाला लावत आहोत. तारीख ३१ ऑक्टोबर. वेळ कार्यालय बंद होईपर्यंत. जाब १ नोव्हेंबरपासून.

— नरखेड तालुक्यातील माजी सैनिक