आमचा सिद्दी जौहर

पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट सांगताना आपण सिद्दी जौहरला फार सहज मूर्ख ठरवतो, अशी माझी तक्रार आहे. आणि ती सुचली पेंटबॉल खेळताना!

गेल्या आषाढात आम्ही मित्रांनी कोल्हापूरबाहेरच्या एका माळावर १६६० चा वेढा मांडला. हाती तलवारींऐवजी रंगाच्या गोळ्या उडविणाऱ्या हवेच्या बंदुका. सिद्दीकडे जायला कोणी तयार होईना. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि तो पहारा माझ्या नशिबी आला. तासाभरातच पावसाने बोटे आखडली. सिद्दीची फौज तर चार महिन्यांहून अधिक काळ उभी होती.

तेवढ्यात महाराजांच्या वेषातला गडी सापडला. आम्ही जल्लोष करतो तोवर बाकीचे पसार! आमचा शिवा काशीद अंगावरचा रंग पुसून हसत भडंग खायला आला. खरा परतला नाही. पहारेकरी मूर्खच असते, तर त्याला जीव कशाला द्यावा लागला असता?

१९८१ साली अमेरिकेत झालेल्या या खेळाच्या पहिल्या डावात विजेत्याने एकही गोळी झाडली नव्हती. आमचे पन्हाळकरही तसेच निसटले. पुढच्या खेपेस चिठ्ठी नको. मी आपणहून सिद्दीकडे उभा राहीन.