बार्बियानाची शाळा आणि आमची ‘नापास’ मुले

पॅरिश शाळा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शहरातले दगडी चर्च येते, त्याला लागून असलेली तीन मजली इमारत आणि टाय लावलेली मुले येतात. या शाळांविषयी आपल्या वस्त्यांत आदर आहे आणि रागही आहे. त्यांनी इंग्रजी शिकवले म्हणून आदर. राग अशासाठी की फी परवडत नाही आणि २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा शिक्षण हक्क कायद्यातून वगळल्यामुळे तिथे २५ टक्के जागांचा हक्कही सांगता येत नाही. आज मात्र आम्ही वाचकांना अशा एका पॅरिश शाळेविषयी सांगणार आहोत, जिला धड इमारतच नव्हती. महाराष्ट्रात पाचवीच्या आणि आठवीच्या मुलांना पुन्हा नापास करायला सुरुवात झाली असताना ही शाळा आपल्याला माहीत असलीच पाहिजे.

इटलीत फ्लोरेन्सच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे मोंते जोवी डोंगरावर बार्बियाना नावाची वाडी. डिसेंबर १९५४ मध्ये तिथे एक तरुण पाद्री आला, डॉन लोरेन्झो मिलानी. आला म्हणण्यापेक्षा धाडला गेला. श्रीमंत, सुशिक्षित घरात १९२३ साली जन्मलेला हा माणूस १९४७ मध्ये पाद्री झाला. त्याच्या आधीच्या गावी, सान दोनातोला, त्याने कामगार-शेतकऱ्यांच्या पोरांसाठी रात्रशाळा काढली होती. सगळ्या मतांच्या मुलांना ही शाळा आपली वाटावी म्हणून या पाद्र्याने वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस उतरवून ठेवला! असा माणूस धर्माच्या अधिकाऱ्यांना पचणार कसा? त्यांनी त्याला जिथे रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही अशा वाडीवर पाठवले. आपल्याकडे नको असलेल्या कर्मचाऱ्याची गडचिरोलीला बदली करतात, तसाच हा प्रकार. मिलानीने तिथे पोहोचल्यावर लगेच तिथल्या दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. म्हणजे आता इथून हलणे नाही.

बार्बियानाची मुले कोणाची? गरीब शेतकऱ्यांची आणि गुराख्यांची. शाळेने नापास करून घरी पाठवलेली. मिलानीने त्यांना चर्चच्या घरात बसवले आणि शाळा सुरू केली. दिवसाला बारा तास, वर्षाचे ३६५ दिवस, सुट्टी नाही. ज्याला समजले त्याने न समजलेल्याला शिकवायचे. सर्वांत मागे असलेला मुलगा पुढे येईपर्यंत वर्ग पुढे जायचा नाही. रोज वर्तमानपत्र वाचायचे, त्यातला एकेक शब्द फोडायचा. डोंगरातल्या मुलांना पाण्याची भीती वाटते म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक छोटा तलाव बांधला. भिंतीवर इंग्रजीत ‘आय केअर’ असे लिहिलेले होते. मला काय त्याचे, ही मुसोलिनीच्या फॅसिस्टांची घोषणा होती, तिला हे उत्तर होते.

मालकाला भाषा येते आणि मजुराला येत नाही, म्हणून मजूर लुबाडला जातो, हे मिलानीने ओळखले होते. त्याचे चर्च मात्र त्याला ओळखत नव्हते. १९५८ मध्ये त्याचे पुस्तक रोमच्या धर्मपीठाने बाजारातून काढून घ्यायला लावले. पुढे लष्करी सेवेला नकार देणाऱ्यांची बाजू घेतली म्हणून त्याच्यावर खटला झाला. २६ जून १९६७ रोजी, ४४ व्या वर्षी, तो कर्करोगाने गेला. पोप फ्रान्सिस त्याच्या कबरीवर आले ते २०१७ मध्ये. पन्नास वर्षे लागली. धर्मसंस्था जिवंत माणसाला छळते आणि मेल्यावर फुले वाहते, हे आपल्याला नवे नाही.

पण बार्बियानाची खरी देणगी त्याच्या मृत्यूच्या महिनाभर आधी आली होती. शिक्षक होण्यासाठी शहरात शिकायला गेलेली वाडीवरची मुले तिथे नापास केली गेली. तेव्हा आठ मुलांनी मिळून त्या शिक्षिकेला पुस्तकाएवढे पत्र लिहिले. प्रत्येकाने आपले विचार चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या एकत्र करायच्या, फालतू शब्द काढून टाकायचे. असे महिनोन्‌महिने चालले. नुसती तक्रार करून ती थांबली नाहीत. शाळाशाळांतले आकडे गोळा करून त्यांनी कोण नापास होतो याचा हिशेब मांडला. डॉक्टरचा मुलगा पुढे जातो आणि शेतमजुराचा गळतो, हे त्या हिशेबातून उघडे पडले. त्यांनी नापास करणे बंद करा, मागे पडलेल्यांसाठी दिवसभराची शाळा ठेवा, अशा मागण्या केल्या.

वाचकहो, हा हिशेब आपल्याकडे त्याच्या चाळीस वर्षे आधी झाला होता. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी सांगितले होते की प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. त्याहीआधी १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे, रयतेच्या पैशावर उच्चवर्णीयांची महाविद्यालये का पोसता, प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे ठणकावले होते. एका बाबतीत तर फुले दांपत्य बार्बियानाच्या फारच पुढे होते. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. मिलानीच्या शाळेत शंभर वर्षांनंतरही मुली जेमतेम होत्या.

आता आजचे बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास न करण्याची हमी दिली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढली. २०२३ मध्ये महाराष्ट्राने नियम बदलले, डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या शाळांसाठी. ‘पोरांना काहीच येत नाही’ असे सांगितले जाते. येत नाही हे खरे आहे, आम्ही ते नाकारत नाही. पण ज्या शाळेत दोन शिक्षकांवर चार वर्ग आहेत, तिथे न येण्याचा गुन्हेगार दहा वर्षांचा मुलगा कसा? वीटभट्टीवर गेलेल्या घरातले पोर एक वर्ष मागे राहिले की पुढच्या हंगामात ते भट्टीवरच दिसते. ट्यूशन लावणाऱ्या घरातल्या मुलाला या नियमाची झळ लागणार नाही.

नियमात एक गोष्ट मात्र लिहिलेली आहे. नापास मुलाला जादा शिकवणी देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, आणि त्यातही तो नापास झाला तरच त्याला त्याच वर्गात ठेवायचे. ही शिकवणी खरोखर झाली का, कोणी घेतली, किती दिवस घेतली, हे वस्तीतल्या किती पालकांनी शाळेला विचारले? आमच्या बहुतेक विहारांत रविवारची वंदना झाली की आठवडाभर कुलूप असते. आत दिवा आहे, पंखा आहे, सतरंजी आहे. बार्बियानाकडे एवढेही नव्हते. निकाल लागला की वस्तीतल्या पाचवी-आठवीच्या नापास मुलांची यादी करावी, दहावी-बारावीच्या पोरांनी त्यांना संध्याकाळी विहारात शिकवायला बसावे, आणि चार पालकांनी मुख्याध्यापकांकडे जादा शिकवणीच्या हजेरीची लेखी मागणी करावी. फेरपरीक्षेला तेव्हा दोनच महिने हातात असतात.