आधी डॅशकॅमची पिन काढा

गेल्या महिन्यात आई पहिल्यांदाच एकटी दुबईला आली. तिला आणायला बर दुबईतल्या घरातून निघालो आणि मीना बाजारपाशीच नकाशावरचा निळा ठिपका थिजला. एक वळण चुकलं, वीस मिनिटं गेली. तिकडे आई सिमकार्डाशिवाय विमानतळावर ताटकळत उभी. इमारतीच्या ग्रुपवर मात्र निदान तयारच होतं: "आखातात जॅमिंग चालू आहे!"

शक्यता नाकारत नाही. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षाच्या काळात इथल्या समुद्रात शेकडो जहाजांच्या जीपीएसमध्ये अडथळे आले होते. पण 17 जूनला ओमानच्या आखातात 'फ्रंट ईगल' आणि 'अडालिन' ही तेलवाहू जहाजं आदळली, तेव्हा अनेकांनी लगेच जॅमिंगकडे बोट दाखवलं. अमिरातीच्या ऊर्जा मंत्रालयाने मात्र, प्राथमिक माहितीनुसार एका जहाजाचा मार्गाचा अंदाज चुकला, असं सांगितलं. गावात चोर आहेत म्हणून घरातली प्रत्येक हरवलेली वस्तू चोरानेच नेलेली नसते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किमी उंचीवर असतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॉटचा साधारण एक कोटी अब्जावा भाग उरते. शिवाय स्थान काढायला किमान चार उपग्रह लागतात: तीन स्थानासाठी, चौथा आपल्या घड्याळाची चूक काढायला. इतकी हलकी कुजबुज ऐकायची तर शेजारी गोंगाट नको. आणि आपण काचेला धातूचा अंश असलेली फिल्म लावतो, वर स्वस्तातला डॅशकॅम आणि चार्जर जोडतो.

शनिवारी मोकळ्या मैदानात गाडी उभी केली. फोन बाहेर धरला: उपग्रह भरपूर. आत ठेवला: जेमतेम दोन. डॅशकॅमची पिन काढली: मिनिटभरात ठिपका हजर. पिन पुन्हा लावली: गायब! ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, पण योगायोग आणि कारण यांतला फरक तिथेच कळतो.

माझं म्हणणं एवढंच: एका वेळी एकच गोष्ट बदला. जॅमिंग खरं आहे, धोकादायकही आहे. म्हणूनच त्याची तक्रार पुराव्यानिशी हवी. दर बिघाडाला 'लांडगा आला रे' केलं, तर खरा लांडगा येईल तेव्हा कुणी वळूनही बघणार नाही.

हे सगळं ऐकून आई म्हणाली, "अरे, पण गाडी थांबवून कुणाला रस्ता विचारायचास ना!" खरंच, तेही सुचलं नव्हतं.